वेबपेजच्या डिझाइनचं परीक्षण : मत देण्याआधी काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने

नागपुरातल्या बीसीए आणि डिप्लोमाच्या मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट माझ्याकडे तपासायला येतात. छोटे व्यावसायिकही ‘आमची साइट जरा बघून द्या’ म्हणून लिंक पाठवतात, सोबत कोणीतरी आधी करून दिलेलं परीक्षण असतं. त्या बहुतेकांत तीच चूक असते. पेज उघडलं, पाच मिनिटं वर-खाली फिरवलं आणि लिहून टाकलं : रंग भडक आहेत, फाँट जुनाट वाटतो, मोकळी जागा वाढवावी. ही लिहिणाऱ्याची आवडनिवड झाली. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. एखादं टूल चालवतात, ९२ गुण आले की त्याचा स्क्रीनशॉट चिकटवतात आणि काम संपलं समजतात.

परीक्षणात शोधायचं ते वेगळंच : या पेजवर आलेल्या माणसाचं काम होतं का, होत नसेल तर नेमकं कुठे अडतं, आणि हे तुम्ही कशाच्या आधारे म्हणता. खालचा क्रम त्यासाठी आहे. तो बदलू नका. पुढची पायरी आधी केली की मागची नासते, हे मी वारंवार पाहिलं आहे.

उदाहरणाला एक काल्पनिक पेज घेऊ. मानेवाडा–बेसा रोडवर लग्नाचं एक लॉन आहे, त्याचं एकपानी संकेतस्थळ.

पायरी १ : पेज उघडण्याआधी कागद उघडा

पेज कोणासाठी आहे आणि तो माणूस कोणत्या घडीला तिथे येतो, हे आधी लिहा. लॉनच्या बाबतीत मी असं लिहीन : मुलीचे वडील, वय पन्नाशीच्या पुढे, जवळचा चष्मा, हातात मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन. मुहूर्त निघाला आहे. चार लॉनची तुलना चालू आहे आणि शेजारी बसलेले काका मधून मधून प्रश्न विचारताहेत.

मग त्यांची कामं लिहा. आपली तारीख मोकळी आहे का ते बघणं. भाडं किती आणि त्यात काय काय येतं ते कळणं. किती माणसं बसतील याचा अंदाज घेणं. बिछायत (गाद्या, खुर्च्या, मांडवाचं सामान) आणि केटरर आपला आणता येतो का ते तपासणं. फोन लावणं.

ही यादी मनाने बनवू नका. मालकाला किंवा फोन घेणाऱ्या मॅनेजरला विचारा : ‘लोक फोनवर काय काय विचारतात?’ मागच्या दहा-पंधरा फोनमधले प्रश्न उतरवून घ्या. जो प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा येतो, त्याचं उत्तर बहुधा पेजवर नाही किंवा आहे पण सापडत नाही. इतका मोलाचा पुरावा तुम्हाला कुठलंच टूल देणार नाही.

मालकाचा हेतूही वेगळा लिहा. ‘भाडं मुद्दाम लिहिलं नाही, लोकांनी फोन करावा म्हणून’ असं तो म्हणू शकतो. तो त्याचा धंद्याचा निर्णय आहे. पण येणाऱ्या माणसाचं एक काम त्यामुळे अपुरं राहतं, म्हणून दोन्ही गोष्टी नोंदवा.

*तपासा : प्रत्येक काम ‘झालं’ किंवा ‘झालं नाही’ असं ठरवता येतं का? ‘माहिती मिळवणं’ असं लिहिलं असेल तर खोडा आणि नेमकं लिहा. तीन ते पाच कामं पुरतात.*

पायरी २ : साधनं आणि नोंदवही

दोन फोन घ्या, त्यातला एक तीन-चार वर्षं जुना आणि स्वस्त असू द्या. एक लॅपटॉप घ्या. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी वापरा. नेहमीच्या खिडकीत पेजचे फोटो आधीच साठवलेले असतात, त्यामुळे पेज खोट्या वेगाने उघडतं. पूर्ण पेजचे स्क्रीनशॉट काढा आणि प्रत्येकावर तारीख, वेळ, फोन, ब्राउझर आणि नेटवर्क लिहा. परीक्षण चालू असताना मालक पेज बदलतो, असं अनेकदा होतं. जुनं चित्र नसेल तर तुमची नोंद हवेत राहते.

वहीत पाच रकाने आखा : ठिकाण, काय दिसलं, कोणतं काम अडलं, पुरावा, गंभीरता. ‘उपाय’ हा रकाना आत्ता आखू नका. उपाय सुचला की डोळे त्याच्याच बाजूचा पुरावा शोधू लागतात. ‘बटण मोठं करा’ हे डोक्यात बसलं की त्या बटणावरचे शब्दच चुकीचे आहेत हे दिसेनासं होतं.

नोंद कशी असावी ते पाहा. ‘गॅलरी कंटाळवाणी आहे’ ही नोंद नाही. ‘फोनवर भाड्याच्या भागापर्यंत पोचायला २४ फोटो सरकवावे लागतात, भाडं कळण्याचं काम इथे अडतं’ ही नोंद आहे. दुसऱ्या कोणीही तिथे जाऊन ती पडताळून पाहू शकतो.

पायरी ३ : पहिली पाच सेकंदं

पहिली नजर एकदाच मिळते, म्हणून ही पायरी इतकी आधी. पेज अजिबात न पाहिलेल्या तीन-चार जणांना फोनवर ते फक्त पाच सेकंद दाखवा आणि फोन उलटा ठेवा. मग विचारा : हे कशाचं पेज होतं? इथे काय करता येईल असं वाटलं? काय लक्षात राहिलं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, स्वतःच्या भाषेत सुधारून नको.

यानंतर डोळे बारीक करून किंवा फोन हातभर लांब धरून पेज बघा. अक्षरं पुसट होतात, ठळक गोष्टी तेवढ्या उरतात. उरलेल्या गोष्टी पायरी १ मधल्या कामांशी जुळतात का? लॉनच्या पेजवर बहुधा सरकते फोटो असतात. रोषणाई, कमान, जोडपं. तारीख विचारायची जागा कुठेच दिसत नाही. सरकत्या फोटोंवर मजकूर असेल तर तो वाचून होण्याआधी पुढचा फोटो येतो का, ते घड्याळ लावून बघा. आपोआप हलणारा मजकूर पाच सेकंदांपेक्षा जास्त चालत असेल तर तो थांबवायची सोय हवी, असं डब्ल्यूसीएजी हे वेब-सुलभतेचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं.

*सावधान : पेज तुम्ही स्वतः बनवलं असेल तर पहिली नजर तुमच्याकडे नाही. ही पायरी पूर्णपणे इतरांवर सोडा.*

पायरी ४ : एकेका कामाचा हात धरून चाला

आता एक काम घ्या आणि ते शेवटपर्यंत करा. किती क्लिक लागले हे मोजत बसू नका. कुठे थबकलात, कुठे ‘हे दाबायचं की ते?’ असं वाटलं, तिथे खूण करा. एक काम संपल्याशिवाय दुसरं घेऊ नका.

सोबत या चाचण्या करा. पेजवरची फक्त शीर्षकं आणि बटणं वरून खाली वाचा. तेवढ्यावरून लॉन कुठे आहे, काय मिळतं, पुढे काय करायचं हे कळलं पाहिजे. मग रेटकार्डवर बोट दाबून धरा. अक्षरं निवडली गेली नाहीत तर तो मजकूर नाही, चित्र आहे. व्हॉट्सअॅपवर फिरवलेलं पत्रक तसंच पेजवर चढवणं ही आपल्याकडची सगळ्यात मोठी खोड. चित्रातलं भाडं स्क्रीन रीडरला (अंध माणसांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) सहसा नीट वाचता येत नाही, फोनच्या पडद्यावर ते मुंगीएवढं होतं, आणि रेट बदलला की नवं चित्र बनवेपर्यंत जुनाच रेट झळकत राहतो.

फोन नंबरवर टिचकी मारा. थेट फोन लागतो का? नकाशाची खूण लॉनच्या फाटकावर जाते की मागच्या ले-आउटमध्ये (प्लॉटच्या वसाहतीत)? पत्त्यात जवळचा चौक लिहिला आहे का? नागपूरचा माणूस प्लॉट नंबरवरून कमी आणि चौकावरून जास्त ओळखतो. फॉर्म भरून पाठवा आणि नंतर काय होतं ते बघा. ‘तुमची विचारणा पोचली, अमुक वेळेत फोन करू’ असं काही दिसत नसेल तर माणूस तोच फॉर्म तीनदा भरतो किंवा दुसऱ्या लॉनकडे जातो.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांचे १९९४ मधले दहा वापरसुलभतेचे नियम इथे कामाला येतात : चाललंय काय ते दिसणं, लोकांची भाषा, चूक झाली तर मागे फिरण्याची वाट, पेजभर एकसारखेपणा वगैरे. शक्य असेल तर दोन-तीन जणांनी वेगवेगळं बसून हे करा आणि नोंदी नंतर एकत्र करा. आधी बोलून घेतलंत की सगळ्यांना सारख्याच चुका दिसू लागतात.

पायरी ५ : मराठी मजकूर

परदेशी चेकलिस्ट वापरणारे ही पायरी गाळतात, आणि आपल्या वाचकाचं काम बरेचदा इथेच अडतं. सावकाश करा.

आधी ओळींमधलं अंतर बघा. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये शीर्षकांच्या ओळी इतक्या जवळ असतात की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, किंवा रफार वरून कापला जातो. देवनागरीला अक्षराच्या उंचीच्या दीडपट अंतर लागतं असं धरून चाला. ‘वऱ्हाडी’, ‘कर्तृत्व’, ‘हृद्य’, ‘शृंगार’ हे शब्द ठळक शीर्षकात घालून बघा. ‘वऱ्हाडी’तला ऱ्ह मोडून दिसत असेल तर फाँट किंवा टायपिंग यात गडबड आहे.

अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर वाढवलं आहे का? रोमन अक्षरांना ते शोभतं. मराठीत शिरोरेषेचे तुकडे होतात. तिरपी अक्षरंही मराठीला शोभत नाहीत. फाँटमध्ये ठळक वजन नसेल तर ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करतो, आणि ‘क्ष’ किंवा ‘ष’ यांच्या पोटातली जागा बुजते.

पेजवरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सअॅपमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसला तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आहे, युनिकोडमध्ये (सगळ्या फोन-संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत) नाही. तो शोधात सापडणार नाही, वाचून दाखवला जाणार नाही, आणि ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला नीट दिसणारही नाही.

पेजच्या कोडमध्ये भाषेची नोंद काय आहे तेही बघा. ‘लँग’ (lang) या गुणधर्माची किंमत मराठीची हवी. टेम्प्लेटमधली इंग्रजी तशीच राहिली असेल तर स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी चुकीचा आवाज निवडू शकतो. काही फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी आणि मराठी अशी दोन रूपं असतात. मराठी रूप मिळायलाही हीच नोंद लागते.

फॉर्ममध्ये नाव देवनागरीत टाका. अनेक फॉर्म फक्त रोमन अक्षरं घेतात आणि ‘नाव चुकीचं आहे’ असं सांगतात. स्वतःचं नाव मराठीत बरोबर लिहिणाऱ्या माणसाला पेजने असं सांगणं मला अपमानाचं वाटतं, म्हणून ही चूक मी कधीही किरकोळ धरत नाही. मोबाइल नंबर मराठी अंकांत टाकून बघा. मराठी कीबोर्डवरून ते सहज पडतात. तारीख ‘४/५’ अशी दिसत असेल तर ती ४ मे की ५ एप्रिल हे कळत नाही. लग्नाच्या बुकिंगमध्ये हा घोळ परवडणारा नाही. महिन्याचं नाव अक्षरात हवं.

शेवटी भाषा. ‘बुक नाऊ’चं यंत्राने ‘आता पुस्तक’ केलेलं नाही ना? लॉनवाले जे शब्द वापरतात तेच पेजवर आहेत का? इथले लोक ‘बिछायत’ म्हणतात. तिथे ‘आसनव्यवस्था सेवा’ लिहिलं तर डोळे त्यावरून घसरून जातात.

*तपासा : या पायरीची प्रत्येक नोंद दोन्ही फोनवर पाहिली का? एकाच फोनवर दिसणारी चूक त्या फोनच्या नावासह लिहा.*

पायरी ६ : रंग आणि ऊन

नागपुरात पेज बनवलं की संत्री रंग येणार, हे ठरलेलंच. त्यात वाईट काही नाही. पण नेहमीच्या संत्री पट्टीवर पांढरी अक्षरं लिहिली तर दोघांच्या उजेडातला फरक (कॉन्ट्रास्ट) जेमतेम २:१ भरतो. डब्ल्यूसीएजी साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ मागतं, मोठ्या मजकुराला ३:१. त्याच संत्रीवर काळी अक्षरं घेतली तर प्रमाण दहाच्या वर जातं. फिका राखाडी मजकूरही तपासा. हॅश आणि पुढे सहा वेळा ७ असा रंगाचा कोड असलेला राखाडी पांढऱ्यावर ४.४८:१ देतो, म्हणजे थोडक्यात नापास. डोळ्यांवर विसंबू नका, कॉन्ट्रास्ट मोजणारं मोफत टूल वापरा. फोटोवर मजकूर असेल तर फोटोच्या सगळ्यात उजळ ठिकाणी मोजा.

मग बाहेर जा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) गर्दीत भर उन्हात कोणी पेज उघडतं तेव्हा पडद्यावर चकाकी असते, आणि फोन तापला की तो स्वतःच उजेड कमी करतो. घरात छान दिसणारं पेज तिथे पुसलं जातं. सकाळी अकराच्या उन्हात दोन मिनिटं उभं राहून भाडं आणि फोन नंबर वाचता येतो का एवढंच बघा. ऐन दुपारी हा प्रयोग नको.

कॅलेंडरमध्ये मोकळी तारीख हिरवी आणि भरलेली लाल, एवढ्यावरच भागवलं आहे का? फोनचा पडदा सेटिंगमधून कृष्णधवल करा आणि पुन्हा बघा. फरक नाहीसा झाला तर रंगांधळ्या माणसालाही तो दिसेलच असं नाही.

बोटाने दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल हवी, असा नियम २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये आला. ३२० पिक्सेल रुंद पडद्यावर दोन महिने शेजारी-शेजारी कोंबले की १४ रकाने होतात, प्रत्येकाला २३ पिक्सेलही मिळत नाहीत. १२ तारीख दाबायची तर १३ दाबली जाते. लॅपटॉपवर खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून पेज ४०० टक्के मोठं केलं की रुंदी ३२० पिक्सेलएवढीच होते. तेव्हा आडवं सरकवावं लागलं तर नोंद करा.

पायरी ७ : टूल आता चालवा

इतक्या उशिरा, कारण गुणांचा आकडा आधी पाहिला की माणूस त्याच्याच चष्म्यातून बघतो. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या पेजचा वेग तपासणाऱ्या टूलमध्ये तीन आकडे बघा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा. दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा. पेज उघडताना मजकूर किती उड्या मारतो याचा आकडा ०.१ पेक्षा जास्त नसावा. हे निकष ७५ टक्के भेटींना लागू व्हायला हवेत. लहान पेजवर पुरेसे लोक येत नाहीत, तेव्हा खऱ्या वापराचा विदा (डेटा) दिसत नाही, फक्त प्रयोगशाळेतला अंदाज दिसतो. तसं स्पष्ट लिहा. तो अंदाज दर वेळी थोडा बदलतो. पाच वेळा चालवा आणि मधला आकडा घ्या.

*सावधान : सुलभतेचे १०० गुण म्हणजे पेज सुलभ आहे असं नव्हे. फोटोच्या वर्णनात ‘आयएमजी १२३४’ लिहिलं असलं तरी टूल खूश होतं. फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) चालू करा, डोळे मिटा आणि भाडं शोधून बघा.*

पायरी ८ : पाच माणसं

आतापर्यंत सापडलेलं तुमच्या नजरेचं होतं. आता पायरी १ मधल्या माणसासारखी पाच माणसं गाठा. वर्गमित्र नकोत, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं नसतं. साधारण सारख्या वापरकर्त्यांपैकी पाच जणांत बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात, असं निल्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं. मात्र लॉनचं पेज केटररही वापरत असतील तर त्यांचा गट वेगळा धरा.

काम सांगताना पेजवरचा शब्द तोंडून काढू नका. ‘बुकिंगवर जा’ म्हणालात की तो माणूस बुकिंग हा शब्द शोधतो आणि चाचणी संपते. असं सांगा : ‘काका, तुमच्याकडे १२ फेब्रुवारीचं लग्न आहे. हे लॉन त्या दिवशी मिळेल का, बघा बरं.’ सुरुवातीला हेही सांगा की परीक्षा पेजची आहे, तुमची नाही. आपल्याकडे वडीलधारी माणसं ‘मलाच जमत नाही’ म्हणून लगेच फोन परत देतात, ते इथे टळायला हवं.

मग गप्प बसा. हेच सगळ्यात अवघड. ते अडले की बोट दाखवावंसं वाटतं. दाखवू नका. फार वेळ शांतता झाली तर एवढंच विचारा, ‘आता काय शोधताय?’ परवानगीशिवाय चेहरा किंवा आवाज रेकॉर्ड करू नका. त्यांच्या स्वतःच्या फोनवर करवून घेणार असाल तर त्यांचे मेसेज तुमच्या नजरेस येणार नाहीत याची काळजी घ्या.

*तपासा : ‘पेज कसं वाटलं?’ हा प्रश्न सगळी कामं संपल्यावर विचारला का? आपल्याकडे लोक भिडेखातर ‘छान आहे’ म्हणतात. काम झालं की नाही यावर भर द्या, कौतुकावर नको.*

पायरी ९ : गंभीरता, मग उपाय, मग अहवाल

प्रत्येक नोंदीला ० ते ४ अंक द्या. ० म्हणजे अडचणच नाही, १ दिखाव्यापुरती, २ किरकोळ, ३ मोठी, ४ म्हणजे काम पूर्ण थांबवणारी. अंक देताना बघा : किती जण अडले, अडल्यावर बाहेर पडता आलं का, आणि एकदा कळल्यावर पुढच्या वेळी ती अडचण उरते का. परीक्षक एकाहून अधिक असतील तर आधी वेगवेगळे अंक द्या. दोघांत ४ आणि १ असा फरक आला तर त्याच नोंदीवर बोला. तिथे पुरावा अपुरा असतो.

उपायाचा रकाना आता आखा. मोठ्या अडचणीला निदान दोन उपाय लिहा. चित्रातलं रेटकार्ड मजकुरात आणणं हा एक. ते आज शक्य नसेल तर निदान भाड्याची सुरुवातीची रक्कम आणि त्यात काय येतं हे दोन ओळींत लिहिणं हा दुसरा.

अहवालाच्या पहिल्या पानावर फक्त कामांची यादी आणि ‘झालं’, ‘अडलं’, ‘झालं नाही’ एवढंच. मालक तेवढंच वाचणार आहे. दुसऱ्या पानावर ३ आणि ४ अंकांच्या नोंदी, स्क्रीनशॉटसह. बाकी मागे. जे नीट चालतं तेही पुराव्यासह लिहा : ‘पाचही जणांनी फोन नंबर लगेच शोधला.’ नाहीतर पेज दुरुस्त करणारा माणूस नवं डिझाइन करताना तो नंबर वरून उचलून तळाशी टाकतो.

दुरुस्ती झाल्यावर तीच कामं, तेच दोन फोन, पण नवी माणसं घेऊन पायरी ८ पुन्हा करा. जुने स्क्रीनशॉट तोवर पुसू नका.